द्वारकाबाईंचा अर्धा कप

दारात कुणी आलं की आपण विचारतो, काय खाणार, काय घेणार. द्वारकाबाई विचारायच्या, “तू काय खात न्हाईस?” तेही पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी हे विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तो बिचारा टाकी खांद्यावरच ठेवून विचारात पडला आणि म्हणाला, “भोपळा.” “बरं झालं, आज शेपू हाय,” म्हणून बाईंनी त्याला जेवायलाच बसवून घेतलं.

जालन्यात मस्तगडच्या आमच्या गल्लीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. माहेर वडीगोद्रीकडचं, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नवरा एसटीत होता. तो अचानक गेला, तेव्हा त्याच्या जागी या कंडक्टर म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी अंबड, घनसावंगी, परतूर असा सगळा जिल्हा तिकिटं फाडत पालथा घातला. त्यामुळे त्यांचा आवाज खास गाडीतला होता. घरात दोनच माणसं असली तरी त्या मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायच्या. गल्लीत सगळ्यांना त्या फार आवडायच्या. मला आवडायच्या नाहीत, आणि त्याचं कारण सरळ होतं. माझी मुलगी माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त रमायची.

तेजू पुण्याला नोकरीला होती. कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलं म्हणून ती लॅपटॉप घेऊन जालन्याला आली. मी आठवडाभर आधीपासून लोणी काढून ठेवलं होतं. ती जेवायला बसली, मी वरणभात वाढला आणि माझा हात मला न विचारताच तुपाच्या भांड्याकडे गेला. “आई, तूप नको,” म्हणेपर्यंत धार भातावर पडली होती. तेव्हा कळलं की मुलगी वीगन झाली आहे. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. जनावराकडून येतं ते काहीच नाही. तिनं ते ताट हळूच बाजूला सरकवलं आणि कोरडा भात मागितला.

मी तिला काय नाही विचारलं! का सोडलंस? कुणी सांगितलं? हाडं ठिसूळ होतील, लग्नात काय करशील, सासरी काय सांगशील? तिचे बाबा कपड्याच्या दुकानातून आले की रोज एकच विचारायचे, “मग ती खाते तरी काय?” आणि उत्तर न ऐकता जेवायला बसायचे. आमच्या घरात पाहुण्याच्या ताटात तूप कमी पडलं तर दोन दिवस चर्चा व्हायची. अशा घरात पोटची पोर तुपावर हात आडवा धरते, हे मला किती लागलं असेल ते आईलाच कळेल.

त्यातच एक दिवस द्वारकाबाईंनी तिला दारात गाठलं आणि आपला नेहमीचा प्रश्न टाकला. तेजूनं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बराबर. म्हंजे ढोरा-मेंढराचं बिलकुल न्हाई. का ते तुझं तुला ठाऊक. टाळायचं काय तेवढं मला कळलं, बस झालं.” एवढंच. ‘का’ विचारलंच नाही! मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मुलीचा चेहरा असा खुलला की माझ्या हातातला टॉवेल पिळायचाच राहून गेला.

मग सुरू झाल्या त्यांच्या फेऱ्या. बाईंची स्कूटी, मागे माझी मुलगी, आणि जुन्या जालन्यातलं एकेक दुकान. बाई चष्मा नाकावर ओढून पुड्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचायच्या. मसाला वेफर्समध्ये दुधाची पावडर असते, साध्या खारट वेफर्समध्ये नसते, हा शोध त्यांनी लावला तेव्हा सगळ्या गल्लीला तो कळला. बिस्किटांचे पुडे त्या एकामागून एक परत ठेवायच्या. “ह्याच्यात दूध. ह्याच्यात बी दूध. गाईला काही दुसरा धंदा न्हाई का?” बेकरीत गेल्या तर पाव तळहातावर उलटासुलटा करून बघायच्या. “पीठ-मीठ सांगितलंस, ते झालं. वरून चमकून राह्यलंय ते काय?” बेकरीवाला म्हणे, लोणी फिरवलं. तेजूला परत येताना त्या समजवायच्या, “आत काय घातलं ते समदे सांगतेत. वरून काय लावलं ते इचारावं लागतं.”

संध्याकाळी दोघी पिशवी भरून यायच्या. फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, तेलातली शेव, खारे दाणे. मग समोरच्या घरात कांदा चिरल्याचा आवाज, लाह्यांवर फोडणी पडल्याचा वास आणि दोघींचं हसणं. मी इकडे पोळ्या लाटत असायची. तेजू तिकडेच खाऊन यायची आणि म्हणायची, “आई, मला थोडंच वाढ.” थोडंच! मी तिच्यासाठी वेगळी भाजी केलेली असायची. तिच्यात काही घातलेलं नसायचं, अगदी साखरेचा दाणासुद्धा नाही, कारण साखरेत काय असतं कुणाला माहीत.

सगळ्यांत जास्त जळायचं ते त्यांच्या चहानं. दोघी मिळून गवती चहा घालून गुळाचा काळा चहा प्यायच्या. कंडक्टर बाई, जिची हयात डेपोच्या कँटीनमध्ये गेली, ती माझ्या मुलीसाठी दुधाचा चहा सोडते! ही शुद्ध लाडीगोडी आहे, असं मी तिच्या बाबांना सांगितलंसुद्धा. कारण माझ्याकडे आल्यावर बाई चांगल्या दुधाचा चहा घ्यायच्या. मी त्यांना मुद्दाम वर साय सोडून द्यायची. मनात कितीही असो, मानपानात मी कमी पडणार नाही. पण त्या प्यायच्या अर्धाच. अर्धा कप तसाच ठेवून उठायच्या. माझ्या चहाचं अख्ख्या गल्लीत कौतुक, आणि या बाईला तो संपवावासा वाटत नाही. कप विसळताना दर वेळी माझा जीव जळायचा.

संक्रांत जवळ आली, तसं मी ठरवलं की आता बघायचंच. तीळ भाजले, दाणे भाजून सोलले, गुळाचा पाक केला. दूध नाही, तूप नाही, मध नाही. वड्या अशा खुसखुशीत झाल्या की माझ्या मलाच आवडल्या. तेजूनं वडी उचलली, वास घेतला आणि म्हणाली, “आई, एकदम मस्त दिसतेय गं.” तेवढ्यात द्वारकाबाई दारातून आत आल्या. ताट बघितलं आणि सवयीनं म्हणाल्या, “ताटाला काय लावलंस?”

ताटाला तूप लावलं होतं. वडी थापायच्या आधी ताटाला तूप लावतातच. माझी आई लावायची, सासू लावायची. ते काय जिन्नसात धरतात का कुणी? माझी नजर तुपाच्या भांड्याकडे गेली. तेजूनं ओठांपर्यंत नेलेली वडी परत ताटात ठेवली. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, “मी उगी बोलले,” म्हणाल्या आणि आल्या पावली गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाटलं, या बाईनं माझ्या मुलीच्या तोंडातला माझ्या हातचा घास काढून घेतला. एक क्षण उशिरा आली असती तर काय बिघडलं असतं?

थोड्या वेळानं तेजू मागे येऊन उभी राहिली. “परत कर ना, आई. ताटाला तेल लाव.” मी तिला वाट्टेल ते बोलले. भांडी आपटली. आणि संध्याकाळी परत तीळ भाजायला घेतले. या वेळच्या वड्या जरा कडक झाल्या, तसं तिनं तोंडावर सांगितलंही, पण ओट्याला टेकून खात राहिली. मी खूश व्हायला हवं होतं. पण खाताखाता ती म्हणाली, “मावशींना पण दे ना थोड्या.” झालं!

उन्हाळ्यात कळलं की द्वारकाबाई नाशिकला मुलाकडे राहायला चालल्या आहेत. लपवत कशाला, मला बरं वाटलं. निघायच्या दिवशी दारात टेम्पो लागला, सामान चढलं आणि बाई निरोप घ्यायला आमच्याकडे आल्या. मी शेवटचा मान म्हणून घट्ट दुधाचा चहा केला, वर जाड साय सोडली आणि पुढे ठेवला. त्यांनी कप उचलला. तेवढ्यात तेजू एकदम म्हणाली, “आई, मावशी दूध पीत नाहीत गं.”

“तू गप बस,” बाई तिच्यावर खेकसल्या.

बाईंनी कप खाली ठेवला. “आता काय लपवायचं! लहानपणापासून दुधाचा वासच सहन होत न्हाई मला. मेंढरांच्या घरात जन्मले, अन् धार काढायला बसले की पोटात ढवळायचं. माय मारायची. म्हनायची, बाहेर कुठं बोलू नको, दुधाला नाक मुरडणारी पोरगी कोण करून घेईल? मंग सवय लागली. श्वास धरून अर्धा प्यायचा अन् अर्धा ठेवायचा.”

“आणि माझ्याकडे? इतकी वर्षं?”

“तू साय घालून देतीस गं. मानानं देतीस. कसं न्हाई म्हनू?”

मला संताप आला. म्हणजे लाडीगोडी केली होती ती माझ्यासाठी! “माझ्या मुलीला बरं शिकवलंत ताटाला काय लावलं ते विचारायला. आणि स्वतः गप्प बसून पीत राहिलात?”

“तिचं येगळं हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. “ती लेक हाय तुझी. तिनं न्हाई म्हनलं की तू भांडी आपटतीस, रडतीस, अन् संध्याकाळी परत करून देतीस. मी न्हाई म्हनले असते तर तू मला पुन्हा चहाला बोलावलंच नसतंस. अन् तुला वाटून राह्यलं का, की ती माझ्या घरी लई खुशीत खाती? माझ्या हातानं मीठ जास्त पडतं. खारट झालं तरी पोरगी कधी बोलली न्हाई मला. मुकाट खाती. तुला मातर वडी कडक झाली म्हनून लगेच सांगितलं.”

मी तेजूकडे बघितलं. ती खाली बघून हसत होती. त्या क्षणी मला जे वाटलं त्याची मला लाज नाही. मला आनंद झाला. माझ्या मुलीनं ताट सरकवलं होतं ते माझ्यापुढे. समोरच्या घरात ती पाहुणी होती.

मी तो कप उचलून आत नेला. गवती चहा नव्हता, म्हणून आलं किसून घातलं, गूळ घातला आणि काळा चहा केला. बाहेर त्यांचा मुलगा टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. द्वारकाबाईंनी एक घोट घेतला, मान वाकडी केली आणि कप माझ्याकडे सरकवला.

“गूळ लई झाला. मला न्हाई प्यायचा हा. दुसरा कर.”

माझ्या हातच्या चहाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी रागावले. कप उचलला, मोरीत जोरात आपटला, आणि परत आधण ठेवलं.