मोडण्याआधीची सळई

लिफ्टकाकांना इमारती दोरांवरून आठवत. कुठल्या लिफ्टचा दोर कधी बदलला, हे लिफ्टदुरुस्तीच्या एकतीस वर्षांचं सगळं तोंडपाठ. चालती लिफ्ट बंद केली की रहिवासी अंगावर येत. "अहो, चालतेय ना व्यवस्थित?" काका दोरावर बोट ठेवत. "चार तारा तुटल्यात. बाकीच्यांनी किती दिवस ओढायचं?"

त्यांच्या मूत्रपिंडातला कॅन्सर उजव्या मांडीच्या हाडात उतरला, तेव्हा हाडांच्या सर्जनबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. हाड एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं.

"अजून मोडलेलं नाही. मोडण्याआधी आत सळई घालू. रोग त्याने जाणार नाही, हे आधीच सांगते. पण दुखणं कमी होईल, आणि बहुतेक स्वतःच्या पायांनी चालाल. मोडल्यावर केलं, तर तेवढी खात्री देता येत नाही. उद्याच दाखल व्हा."

"पण पाय चालतोय की माझा."

बायकोने कपाळाला हात लावला. "हे कोण बोलतंय? याच वाक्यावरून जन्मभर लोकांशी भांडलात ना?"

काका ओशाळून हसले. ऑपरेशनला हो म्हणाले, फक्त सोमवारपर्यंत मुदत मागितली. शनिवारी एका आठ मजली इमारतीचा दोर बदलायचा होता. लिफ्ट बंद, आणि वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दोन आठवडे घरात अडकलेल्या.

"दुसरं कोणी नाही का?" बायको ओरडली.

"पाच दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

सर्जनबाईंनी कुबड्या दिल्या आणि त्या पायावर भार न देण्याबद्दल दोनदा बजावलं.

शनिवारी दोर बसला. काकांनी स्टुलावर बसून प्रत्येक टोक तपासलं, रिकामी लिफ्ट दहा वेळा वरखाली पळवली. रविवारी सकाळी पलंगाशी उभं राहून विजारीत पाय घालताना मांडीत वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

सळई सोमवारीच बसली, पण मोडक्या हाडात. रक्त फार गेलं. पुढचे तीन आठवडे हॉस्पिटलात गेले. मांडीतलं दुखणं खरंच थांबलं. वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जाता येऊ लागलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. चौघा शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर नेलं. "सांभाळून रे, माल जुना आहे," काका म्हणाले. कोणी हसलं नाही.

शेजारी गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाई जिन्याबद्दल काय म्हणाल्या?"

"जमणार नाही म्हणाल्या."

"पुढे कधी?"

"तेही विचारलं मी. नाहीच म्हणाल्या."

काकांनी वॉकर बाजूला सरकवला.

"तू तेव्हा ओरडली होतीस."

"हो."

"अजून जोरात ओरडायचं होतंस गं."

"ओरडायला हवं होतं," ती म्हणाली, आणि त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून तिने उशीवर ठेवला.