प्रोसेसर नावाचा पाहुणा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. तोंड दाबूनसुद्धा हसायचं नाही हं! कारण या भानगडीत माझी सासरवाडीतली अब्रू गेलीय, आणि तीही भर मे महिन्यात.

मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला. दिवसभर कॉम्प्युटरवर गाडीच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची. पण मन भलतीकडंच! मला घरी एक नदी बनवायची होती. हो, नदी. स्क्रीनवरची हो! देहूला संध्याकाळी इंद्रायणीकाठी बसलं, की पाण्यात उजेड कसा हळूहळू विरघळत जातो, पाहिलंय कधी? तसाच उजेड, तसंच संथ पाणी, आणि वर ढगांमधून पोहत जाणारे मासे. कशासाठी? कशासाठीच नाही. स्वप्नाला कुठं कारण लागतं?

कुरुळीत आमची खोली अगदी वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. तिथं एकेक भाग आणून मी कॉम्प्युटर जोडला. पण नदी जरा हलायला लागली, की आतला प्रोसेसर तापायचा आणि सगळं बंद. मासे बिचारे ढगात अडकलेले!

प्रोसेसर गार ठेवायला त्याच्यावर एक छोटा कूलर बसवतात. तो मी दापोडीच्या अस्लमकडून घेणार होतो. माझा जुना मित्र, कॉम्प्युटरच्या पार्टचं दुकान आहे त्याचं. प्रश्न एकच होता, पंख्याचा कूलर घ्यायचा का पाण्याचा? त्यावरून आमचं रोज गॅलरीतून फोनवर चालायचं.

“राव, एअरच घे,” अस्लम म्हणायचा. “साधा पंखा. बंद पडला तर डोळ्यांना दिसतो. पाणी गळलं तर सगळ्या मशीनचं वाटोळं!”

“पण वॉटरचं सुखच वेगळं, भावा! बारीक नळ्यांतून पाणी फिरतंय, निळा उजेड पडलाय…”

“तू कूलर घेतोयस का माशांची पेटी?”

आता झालं काय, आत आमची अनिता पोळ्या लाटत होती. वरून पत्रा तापलेला, समोर गॅस. या सगळ्या ज्ञानचर्चेतला तिला एकच शब्द ऐकू आला. कूलर!

“कूलर घेताय?” ती दारात आली.

“हो. एअर का वॉटर, तेवढंच ठरत नाहीये.”

“वॉटरच घ्या. पण पाणी कोण भरणार? आधीच नळाची बोंब.”

“भरायचंच नाही. आतच असतं, सीलबंद.”

“अगंबाई! आणि आवाज?”

“कळतसुद्धा नाही.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं म्हणता! लग्नाच्या मांडवातसुद्धा तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हिला माझी नदी कळली. मी तर तरंगायलाच लागलो.

“मग आईबाबांना बोलावून घेऊ? उन्हाळाभर राहतील.”

“बोलाव की!” मी म्हणालो. नदी बघायला माणसं नकोत का?

बीडकडून सासू-सासरे आले. त्याच रविवारी मी वॉटर कूलर बसवला. अनितानं दुपारी सतरंजी अंथरली, ती नेमकी कॉम्प्युटरसमोर. सासरे सदरा काढून, बनियनवर, मांडी घालून बसले. मी नदी सुरू केली. काय सांगू, पाणी असं हललं! पहिला मासा ढगातून सुटला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कॉम्प्युटरच्या पेटीतून गरम वाऱ्याचा झोत निघून थेट सासऱ्यांच्या छातीवर चालला होता, ते मला कुठलं दिसायला?

“बाबा, आवाज येतोय का?”

“न्हाई येत.”

“आतली सगळी उष्णता बाहेर फेकतो बघा.”

“त्ये कळू लागलंय,” सासरे म्हणाले. कपाळावरून धारा लागलेल्या, पण जावयाला नाव कसं ठेवणार? “लई ब्येस हाय, जावईबापू.”

शेवटी सासूबाईंनाच राहवेना. “अवो, गार वारं कवा येणार?”

“गार वारं येत नाही, आई. हा कूलर प्रोसेसरसाठी आहे.”

सासूबाईंनी दाराकडं पाहिलं. “आन् ह्यो पावना कवा यायचाय?”

अनिता पदरानं बाबांना वारा घालायला लागली, नजर मात्र माझ्यावर. तुम्ही विवाहित असाल तर मला पुढं सांगायची गरज नाही.

तसाच दापोडीला पळालो. अस्लमनं हसून हसून डोळे पुसले, वॉटर कूलर परत घेतला, पंख्याचा दिला, आणि शेजारच्या दुकानातून, टेम्पो करून एक खरा, गवताच्या जाळ्यांचा खोलीचा कूलर माझ्यासोबत पाठवला. खिडकीत तो घरघरला, ओल्या गवताचा वास सुटला, आणि सासरे त्या वाऱ्यात लहान बाळासारखे झोपले. माझी नदीही वाहायला लागली. वाटलं, संपलं प्रकरण!

कसलं संपतंय? मेव्हणीचं लग्न जमलं म्हणून सासूबाई मधेच गावी गेल्या आणि तिथं सांगितलं, “आमचं जावई सोत्ताच्या हातानं कूलर जोडत्यात!”

त्याच महिन्यात मेव्हणीचा साखरपुडा. मी पोचतोय तोवर मेव्हण्यानं बंद पडलेला कूलर पुढ्यात ठेवला. आता त्या भल्या माणसांनी माझ्यासाठी गरम वारा सोसलेला. ‘येत नाही’ म्हणायला तोंड होतं का मला? वायरी सुटल्या होत्या, अंदाजानं जोडल्या. कूलर खिडकीबाहेर ठेवला, बटण दाबलं… चालू! टाळ्या पडल्या हो!

पण खोलीत पान हलेना. पंखा उलटा फिरत होता. सगळा गार वारा, वर पाण्याचे तुषार, खिडकीमागं बांधलेल्या म्हशीवर! म्हैस डोळे मिटून उभी.

मी कूलर बंद करायला धावलो, तर मेव्हणा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या दाजी, पावनी मंडळी तिकडंच निघालीत.”

साखरपुड्याच्या फोटोत नवरा आहे, नवरी आहे, दोन्हीकडचे व्याही आहेत आणि मधोमध म्हैस आहे. मी नाही. मी आत होतो. भिंतीशी घाम पुसत, कुठली वायर चुकली ते शोधत.