होळीत गेलेलं घर

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या गावातल्या सुतार पक्ष्यांच्या जोडप्यावर अन्याय झाला. त्यांनी घर कोरलेला वठलेला आंबा गावकऱ्यांनी होळीसाठी तोडला. "हिरव्या झाडाला हात नाही लावला हं!" सरपंचकाका ऐटीत म्हणाले. अहो काका, हिरव्या टणक खोडात ती चोच किती चालणार? तिला मऊ पडलेलं लाकूडच लागतं.

आज तेच जोडपं ओढ्याकाठच्या वाळक्या सावरीवर दिसलं. नर भोकात डोकं खुपसून भुसा बाहेर फेकत होता. तो दमला की मादी पुढे व्हायची. निवेदन नाही, घोषणा नाही, सरळ काम सुरू. मेलेल्या झाडात पिल्लांची जागा होत होती. माझ्या रागालाही उमेद फुटली.

"मग होळीत जाळायचं काय?" वठलेली झाडं तोडू नका म्हटल्यावर काकांनी विचारलं.

गोवऱ्या जाळा, काका. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या बांधावरचं वठलेलं झाड उभं राहू द्या.