जिन्यातून आलेलं ‘बंद!’

आधीच सांगतो, मी लिंबू-मिरचीवाला माणूस नाही. अमावस्या-बिमावस्या मानणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलीय. तुम्हीही हसणार असाल तर खुशाल हसा... पण त्या टळटळीत दुपारी जे घडलं, ते आठवलं की आजही घाम फुटतो.

मी सोलर वॉटर हीटरची दुरुस्ती करतो. जोडीला सलीमभाई — मूळचा लातूरचा, आता संत तुकाराम नगरात राहतो. गेल्या उन्हाळ्यात चऱ्होलीतल्या एका नव्या तीन मजली घरी गेलो होतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी उकळत होतं आणि तळमजल्याच्या पॅनलवर तापमान हलायचं नाव घेत नव्हतं — वीस! म्हणजे सेन्सर गेलेला. पाणी गारच आहे असं समजून टाकीतली विजेची कॉइल चालूच राहत होती.

आमची पद्धत ठरलेली. मी वर टाकीपाशी, सलीमभाई खाली पॅनलपाशी. सेन्सर गरम पाण्याच्या मगात बुडवून मी जिन्यातून ओरडतो, “किती?” तो आकडा सांगतो. वायरींना हात लावण्याआधी विचारतो, “बंद?” त्याचं “बंद!” आलं की मगच हात. ओल्या हातांनी फोन कोण काढत बसणार?

नवा सेन्सर मगात तपासला, आकडा बरोबर आला. “कर बंद,” म्हणालो आणि टाकीच्या बाजूचं, वायरींवरचं झाकण उघडलं. सेन्सरची वायर आणि कॉइलची जोडणी तिथे शेजारी-शेजारीच असते.

“सलीमभाई, बंद?”

“बंद! घाल हात, राव.”

आवाज त्याचाच. शंभर टक्के.

हात घालणार, तोच बोटांतून स्क्रूड्रायव्हर निसटून आत जोडणीवर पडला. फाट्कन जाळ झाला... टोक वितळलं होतं. तिथे माझी बोटं असती.

शिव्या देतच खाली धावलो. “जीव घेतोस का माझा?”

सलीमभाई पांढराफटक पडला. “अरे, बंदच केलं होतं! तूच वरून म्हणालास, ‘चालू कर, रीडिंग सांग.’ म्हणून लावलं.”

“मी? आणि मग ‘घाल हात’ कोण म्हणालं?”

“अम्मीची कसम, महेश, मी नाही बोललो.”

मला वाटलं, चूक झाकतोय. इतक्या वर्षांची जोडी त्या क्षणी तुटलीच होती. तेवढ्यात घरमालकांचे वडील बोलले. आजोबा गारव्याला जिन्यातच बसले होते, सगळा वेळ.

“भांडू नगा. तुमी ‘बंद का’ म्हून इचारलं, त्ये म्या ऐकलं. पर त्यावर कुनीच काय बोललं न्हाई. ‘चालू कर’ बी न्हाई. कान शाबूत हायत माजे.”

सलीमभाईने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. काम तसंच टाकून आम्ही निघालो.

खूप डोकं खाजवलं. शेजारची घरं रिकामी होती, रेडिओ-टीव्ही काही चालू नव्हतं. आणि भास म्हणावा तर दोघांना, एकाच वेळी, नेमका मला मारणारा?

आता घरात बायकोने आतून हाक मारली तरी मी ओ देत नाही. उठून तिचं तोंड बघून येतो. ती चिडते. सलीमभाईने तर त्या दिवसापासून मला हाकच मारलेली नाही. काहीही सांगायचं असलं की जिने चढून वर येतो, खांद्यावर हात ठेवतो... आणि हात पडला की वळून बघायची मला भीती वाटते.