भाऊजींची कोरफड

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा उभं आयुष्य पाण्याचे मीटर वाचत हिंडला. दुसऱ्याच्या दारातलं झाकण उघडायचं, आत डोकवायचं आणि हुकूम सोडायचा, "गळती तुमच्याकडेच आहे." नोकरी संपली, सवय राहिली. मग कुणी नुसतं शिंकलं तरी भाऊजी जवळ जाऊन जीभ बघायला लागले. बिल्डिंगमधले लोक त्यांना धन्वंतरी म्हणत. ती चेष्टा आहे हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळत होतं.

सगळी विद्या एका कोरफडीवर. गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात. तिला ऊन मिळावं म्हणून भाऊजींनी कपडे वाळत घालायची दोरीच काढून टाकली. ताई ओल्या चादरी खुर्च्यांवर पसरायची आणि मी गेले की खुर्ची पुसून बसायचे. पाणी ताईच घालायची, माती तीच उकरायची. पान कापायचा मान तेवढा ह्यांचा. तोंडभर स्तुती करणाऱ्याला रसरशीत पान मिळे, बायकोला खालचं वाळकं.

पान कापलं की आधी ते उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्यायचा आणि मग गर काढायचा, हे कोरफड लावणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भाऊजींना तो चीक वाया जाताना बघवत नसे. "खरी ताकद त्यातच आहे," म्हणत ते चिकासकट गर थापायचे.

ताईला साखरेचा त्रास. नव्या चपलेने तिच्या पायाच्या करंगळीला फोड आला, फुटला आणि भाऊजींनी तो ताब्यात घेतला. तीन आठवड्यांनी मी गेले तर दारातच वास आला. पट्टी सोडून बघितलं तर करंगळी काळी पडली होती, शेजारचं बोटही त्याच वाटेवर होतं.

"ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. पाय जाईल तुझा."

"थांब, ह्यांना विचारते."

भाऊजींनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "घाण बाहेर पडतेय, वास येणारच. अजून आठ दिवस."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?" मी ओरडले.

"अनुभव आहे मला!"

ताई मलाच गप्प करत होती. मला तिचा त्यांच्याहून जास्त संताप आला.

माझं तोंड बंद करावं म्हणून भाऊजी ताजं पान कापायला गॅलरीत गेले आणि बोंबललेच. सुरी सटकून अंगठ्यात घुसली होती. जखम म्हणाल तर इंचभर. पण अंगठ्याला रुमाल गुंडाळून हे धन्वंतरी शर्टाची बटणंही न लावता जिने उतरले. तासाभराने परत आले ते दोन टाके, एक इंजेक्शन आणि गोळ्यांची तीन पाकिटं घेऊन.

ताई खुर्चीतून बघत होती. "अहो, कोरफड नाही लावलीत?"

"वेड लागलंय का तुला? सुरी गंजकी होती. अंगठा आहे हा माझा!"

ताई उठली. भिंतीला धरत दारापर्यंत आली, चांगल्या पायात चप्पल घातली आणि मला म्हणाली, "चल." ह्या वेळी तिने कुणाला विचारलं नाही. भाऊजी आपले गोळ्या सांभाळत मागून आले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी सोडली. दोन बोटं काढावी लागतील, पाय बहुतेक वाचेल, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस जखमेला लावत काय होता?"

कोरफडीवर दोन-दोन तास बोलणारा हा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

"हिचंच काहीतरी घरगुती चाललं होतं, साहेब. बायका ऐकतात का? आणि माझे हे टाके कधी काढायचे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईच बोलली.

"बरोबर आहे, डॉक्टर. चूक माझीच. एकतीस वर्षं ह्यांचं ऐकत आले."