गोठ्यातलं औषध आणि गाडग्यातलं दही

माझ्या सासऱ्यांना स्वच्छतेचा भारी सोस. दुकानासमोरचं अंगण झाडून झाडून त्यांनी ते चक्क खोलगट केलंय. नरसीला दर्शनाला येणारी माणसं आमच्या दुकानात दही-ताक खायला थांबतात आणि आधी त्या अंगणाकडंच बघतात. त्यामुळं गावातल्या जनावरांत लम्पीची साथ आली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी गोठा औषधानं धुवायला सांगितला, तेव्हा घरातलं एकच माणूस खूश झालं. मामा. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूला आत्या.

नवऱ्यानं हिंगोलीहून औषधाचा कॅन आणला. बेन्झाल्कोनियम क्लोराईड. नाव घेताना जीभ अडखळायची म्हणून आम्ही त्याला नुसतं औषध म्हणायचो. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायचं, गोठ्याची फरशी धुवायची, एवढंच मॅडमनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी गोठ्याचा वास गेला, माश्या कमी झाल्या आणि मामांचं त्या औषधावर प्रेम बसलं. झाकणभराची दोन झाकणं झाली, मग नुसत्या अंदाजानं धार. गोठ्यातून ते न्हाणीत आलं, न्हाणीतून भांड्यांपाशी. एवढा मोठा कॅन रोज कोण उचलणार, म्हणून त्यांनी ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून मोरीजवळ ठेवलं.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी पुसेगावकडची, म्हशींच्या घरातली. धारा काढणं आणि दही लावणं ही कामं मी येताक्षणी हातात घेतली, कारण दुसरं काही मला धड येत नव्हतं. पुरणपोळी तर अजूनही फुटते. भांडी घासायचं काम आत्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. आमचं दही मातीच्या गाडग्यात लागतं, तेही असं घट्ट की चमचा उभा राहावा. लोक त्या गाडग्यासाठीच येतात.

आणि एका सकाळी दही लागलंच नाही.

गाडग्यावरचं फडकं काढलं तर आत दूध जसंच्या तसं. नासलं नव्हतं, आंबलंही नव्हतं. मामा म्हणाले, "बघ, किती ताजं राह्यलं!" मला हसू आलं. थंडीचे दिवस होते, म्हणून मी गाडग्यांना गोणपाट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तेच. विरजण बदललं, तरी तेच. आता हसू येईना. दुकानात येणारी माणसं रिकाम्या हातानं परत जायला लागली. न लागलेल्या दुधाचा चहा केला तर घोटाला किंचित कडू लागायचा. त्यावर मामांनी म्हशीनं कडुलिंबाचा पाला खाल्ला असणार असा निकाल दिला.

शेजारच्या घरात माझ्या चुलत सासूबाई राहतात. त्यांना सगळे काकी म्हणतात. काकी आमच्याकडूनच रोज तांब्याभर दूध नेत आणि आपल्या घरी स्टीलच्या डब्यात दही लावत. त्या एका सकाळी तो डबा घेऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी तो सरळ उलटा केला. दही डब्याला धरून राहिलं, थेंब सांडला नाही.

"दूध तेच, म्हशी त्याच," काकी म्हणाल्या. "मंग माझं काहून लागून राह्यलं? हिच्या हातालाच गुण न्हाई, दुसरं काय."

शहरातल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. मला नाही वाटली. ज्या घराचं नाव दह्यावर आहे त्या घरात सुनेच्या हाताला दही लागत नाही, ही गोष्ट दोन दिवसांत गावभर होते. दूध घ्यायला येणाऱ्या बाया माझ्या हातातून घेण्याऐवजी आत्यांना हाका मारायला लागल्या. एकीनं तर माझ्या बाजूच्या कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं, अगदी सहज केल्यासारखं. काकींनी मामांना सुचवलं की पोरीला थोडे दिवस माहेरी पाठवा, काही बाहेरचं असलं तर उतरून येईल. मामा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. नवरा म्हणाला, मनावर घेऊ नकोस. मनावर घेऊ नकोस म्हणणाऱ्या माणसाला मारायचं असतं, पण तोही नवाच होता.

मी रागीट आहे. काकींना तोडून बोलायची तयारी मी मनात केली होती. पण खरं सांगायचं तर गोठ्यात एकटी असताना मी माझे तळवे उलटेसुलटे करून बघत होते. चार माणसं रोज सांगायला लागली की आपलाही आपल्या हातावरचा भरवसा जातो. पिशवी भरायची का, हा विचार मी केला होता.

पिशवी भरावी लागली नाही, कारण आत्या मध्ये पडल्या. त्या फार बोलत नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी काकींना बोलावून घेतलं, मला चुलीपासून बाजूला केलं आणि म्हणाल्या, "आज दूध मी तापवते, इरजण तुझ्या घरचं, लावणार बी मीच. तुमी समद्यांनी बघा." आमचीच गाडगी घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर दही लावलं, फडकं बांधलं आणि काकींना सांगितलं, "सकाळी तूच सोड."

सकाळी काकींनी फडकं सोडलं. आत दूध, जसंच्या तसं.

आत्यांनी त्यात बोट बुडवलं, वर काढलं, थेंब पडू दिला आणि म्हणाल्या, "आता म्हणा, माझ्या बी हाताला गुण न्हाई. एवढी वर्सं माझ्या हातचं खाल्लं, ते काय व्हतं मंग?"

काकींनी फडकं परत गाडग्यावर टाकलं. मग म्हणाल्या, "म्हशीलाच काही झालं असंल." त्या हे बोलल्या ते बरं झालं, कारण त्यामुळंच मामांनी डॉक्टर मॅडमना फोन केला.

मॅडमनी म्हशींचा ताप बघितला, कास बघितली, धार काढून बघितली. सगळं ठीक. मग त्यांनी विचारलं, गाडगी कुठं धुता? आम्ही त्यांना मोरीपाशी नेलं. तिथं घमेल्यात गाडगी बुडवून ठेवलेली होती, वर पांढरा फेस. शेजारी ती थंड पेयाची बाटली. दह्याच्या गाडग्यांना आंबूस वास येतो म्हणून मामा ती दुपारभर औषधात भिजवून ठेवत होते, आणि ते मॅडमना मोठ्या कौतुकानं सांगत होते. मॅडमचा चेहरा बदलत गेला तसा मामांचा आवाज बारीक झाला.

"दही कशानं लागतं मामा?" मॅडमनी विचारलं. "जंतूंनीच. हे औषध जंतू मारायचं आहे. त्याला काय कळतं, लम्पीचा कोणता आणि दह्याचा कोणता? स्टीलचं भांडं खळखळून धुतलं की त्यातून जातं. माती ते पिऊन घेते. वरून कितीही पाणी ओता, गाडगं सोडत नाही, आणि रात्रभर दुधात उतरत राहतं."

म्हणजे काकींचा डबा आणि आमचं गाडगं, एवढाच फरक होता. मला एकदम हलकं वाटलं. मी काकींकडं बघितलं. त्या कुंपणाकडं बघत होत्या.

मॅडम बाटली हातात धरून मामांवर चांगल्याच भडकल्या. थंड पेय समजून एखाद्या लेकरानं तोंडाला लावली तर तोंड, घसा आतून भाजून निघेल. ओतताना डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. उडालंच तर तूप नाही, दूध नाही, चांगली पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी सोडायचं आणि तसंच दवाखान्यात यायचं. साबणात मिसळायचं नाही, औषधाचा गुण जातो. उरलेलं ओढ्यात ओतायचं नाही, मासे मरतात. औषध मूळ कॅनमध्येच राहील, उंचावर, आणि हातात रबरी मोजे घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मामा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला त्यांची दया आली. त्यांनी वाईट काहीच योजलं नव्हतं.

"मोज्याशिवाय ही गाडगी धुतं कोण?" मॅडमनी विचारलं.

आत्यांनी हात पदराखाली घेतले. मॅडमनी ते बाहेर ओढले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती, तळवे लालभडक, बोटांच्या बेचक्यात चिरा. मामांनी दाट ओतलेल्या त्या पाण्यात आत्या रोज कोपरापर्यंत हात घालत होत्या. घरातले सगळे महिनाभर माझे हात तपासत होते, आणि हे हात कुणाला दिसले नव्हते.

मॅडम गेल्यावर मी चिडूनच विचारलं, "आत्या, सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू मला उठवून गाडगी स्वतः धुतली असती," त्या म्हणाल्या. "मंग तुझे हात सोलले असते. काकीला आयतंच मिळालं असतं की. पोरीच्या हाताला दोष हाय, बघा, दिसून राह्यला."

माझ्या आईनंही माझ्यासाठी एवढं धोरण बांधलं असतं की नाही, मला शंका आहे.

ती सगळी गाडगी मामांनी स्वतः फोडली, एकेक करून, नवी आणली आणि ती नुसत्या राखेनं आणि कढत पाण्यानं धुवायची असं ठरवून टाकलं. नव्या गाडग्यात दही लागलं. मी लावलेलं.

आत्यांच्या हातांना मात्र वेळ लागला. मॅडमनी मलम दिलं होतं, पाण्यात हात घालायचा नाही म्हणून बजावलं होतं. मीठ-तिखट लागलं की चिरा झोंबायच्या, भाकरी मोडता यायची नाही. पहिल्या संध्याकाळी मी ताट घेऊन आत त्यांच्यापाशी गेले, तर त्या उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. समोर काकी अंगणात बसल्या होत्या, आणखी दोघी बाया होत्या.

"हितंच आण," आत्या म्हणाल्या, "आन् तुझ्या हातानं भरव."

मी भाकर दह्यात कुस्करली आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, काकींकडं बघत. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय," आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

हात बरे होईपर्यंत त्या रोज संध्याकाळी ओट्यावरच जेवल्या, माझ्याच हातानं. घरात चमचे ढीगभर होते.