कमलबाईच्या चार खुर्च्या

पहिलं नाव कमलबाईचं घेते, मग बाकीचं सांगते. आमच्या भिंतीला लागून तिचं कवेलूच्या छपराचं घर. पुण्यात मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मला काम मिळालं ते तिच्या बहिणीमुळे, अन् बहिणीच्या मागे लागली ती कमलबाई. गाव सोडलं त्या सकाळी गोंडपिपरीच्या बस स्टँडवर मला पोचवायला माय होती, बाबा होते अन् कमलबाई होती. माय माझी पिशवी सोडून परत परत बांधत होती. बाबा एकच गोष्ट सारखी सांगत होते, "बल्लारशाले गाडीत चढाच्या पहिले डब्बा पाहून घेजो." कमलबाईनं फडक्यात बांधलेले लाखोळीच्या डाळीचे वडे माझ्या मांडीवर ठेवले अन् बस हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली. माझ्याकडे मात्र पाहत नव्हती. मला वाटलं, रडू येत असेल तिला.

त्याच आठवड्यात तिची वैशाली नागपूरला गेली होती, अकरावीला. ती शिष्यवृत्तीवर गेली, मी वड्यांवर.

गावात राहिलेल्यांनी हे वाचावं अन् माझ्यासारखं लवकर पुस्तक मिटवून बाहेर पडलेल्यांनीही वाचावं, म्हणून लिहिते. अन् लिहायचंच तर खोटं लिहीत नाही. मी वैशालीवर जळते. अकरा वर्षं झाली, जळणं काही थांबलं नाही. तिनं पदवीचा काळा झगा घालून काढलेला फोटो फोनवर टाकला, तेव्हा बोटांनी मोठा करून करून पाहिला. तिची टोपी वाकडी होती. तेवढंच समाधान. तिनं काही टाकलं की मी पाहते, पण पाहिल्याचं तिला कळू नये म्हणून फोनमधली ती सोय बंद करून ठेवली आहे. ती आता 'मले' म्हणत नाही, 'मला' म्हणते. मीही 'मला'च म्हणते, पण तिनं ते कॉलेजात शिकून घेतलं अन् मी पोळ्या लाटता लाटता, मुलींच्या हसण्याला भिऊन.

दहावीत मला तिच्यापेक्षा गुण जास्त होते. फार नाही, नऊ गुणांनी. पण जास्त होते.

नागपूरची एक संस्था होती. अकरावीपासून पदवी हाती येईपर्यंतचा सगळा भार ती उचलायची, पण एका शाळेतून एकाच पोराचा. आमच्या शाळेतून शेवटी दोन नावं उरली, माझं अन् वैशालीचं. हेडमास्तर वर्गात येऊन म्हणाले, रविवारी साहेब लोक दोघींचीही घरं पाहायला येतील. ज्या घराला जास्त गरज, त्या घरची पोरगी.

आता आमच्याकडे घर पाहायला कोणी आलं की काय करतात, ते तुम्हाला माहीत आहे. पोरगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की आख्खी ओळ कामाला लागते. कोणाची चादर, कोणाच्या कपबशा, कोणाचा पंखा. त्यात कोणाला कमीपणा नाही, अन् मागायलाही लागत नाही. मायनं तेच केलं. मी म्हटलं, माय, हे लग्नाचे पाहुणे नाईत, गरिबी पाहायला येऊन राह्यले. तर ती माझ्यावरच खेकसली.

"म्हणून त्यांयले काय जमिनीवर बसवू? माह्या दारातून कोणी आजवर उभ्यानं परत नाई गेलं."

कमलबाईच्या घरी चार लाल खुर्च्या होत्या. तेंदूपत्त्याच्या हंगामात कमावून घेतलेल्या. आमच्या ओळीत खुर्च्या फक्त तिच्याचकडे. शनिवारी संध्याकाळीच ती दोन-दोन करून आणून देऊन गेली. फुलांच्या कपबशाही तिच्याच. टेबलफॅन पलीकडच्या घरचा. घरापुढची छपरी सारवून माय त्या खुर्च्यांकडे अशी पाहत होती, जशा काय आम्हीच घेतल्या. बाबांनी लग्नातला शर्ट घातला.

साहेब आले, बसले, चहा प्याले. मागे सांदवाडीत आमची चूल पावसात उघड्यावर असते, तिकडे कोणी गेलं नाही. एका साहेबानं बाबांना विचारलं, घरचं भागतं का? बाबा हात जोडून म्हणाले, "देवाच्या दयेनं सारं बरं हाय, भाऊ." पाहुण्यांसमोर दुसरं काय बोलणार? आमच्या बापजाद्यांत कोणी पाहुण्याला सांगितलं नाही की भागत नाही.

मग साहेब बाजूच्या घरी गेले. कमलबाईच्या खुर्च्या आमच्या छपरीत, कपबशा आमच्या छपरीत. तिनं त्यांना बाजेवर बसवलं. बाजेची सुतळी मधोमध सुटलेली. स्टीलच्या पेल्यात काळा चहा दिला. मी कुडाच्या फटीतून सगळं पाहिलं, अन् सांगू का, मला कमलबाईची कीव आली. मायला जे सांगितलं होतं ते मीच विसरले, वाटलं, बिचाऱ्या वैशालीचं काही खरं नाही.

महिन्याभरानं शाळेच्या फळ्यावर वैशालीचं नाव लागलं. हेडमास्तरांनी बाबांना बोलावून समजावलं की तुमची परिस्थिती त्यांना बरी दिसली. बाबा घरी येऊन बसले. खुर्च्या तर केव्हाच परत गेल्या होत्या, ते जमिनीवरच बसले. एवढंच म्हणाले, "आपुनच आपली पोरगी पाडली." मायनं त्यानंतर कोणाची कपबशी कधी घेतली नाही.

पण माझा राग माय-बाबांवर नव्हता. माझा राग कमलबाईवर होता. काऊन दिल्या तिनं खुर्च्या? आपणहून, न मागता, एक दिवस आधी? पुण्यात पहिली दोन-तीन वर्षं कणीक तिंबताना मी हाच हिशोब करायची. तिला डाव कळला होता, असं म्हणावं, तर मला काम लावून देणारीही तीच. साधी बाई होती म्हणावं, तर बस स्टँडवर माझ्या डोळ्यांत का पाहिलं नाही? ज्या बाईमुळे ताटात भाकर आली, तिच्यावर संशय घेत ती भाकर खायची. घास उतरत नाही, पण भूक असते.

स्वयंपाकघरातून मी ऑफिसात आले त्याला चार वर्षं झाली. वसतिगृह चालवणारी संस्थाच विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देते. फायली लावणं, झेरॉक्स, चहा, हे माझं काम. निवडीच्या दिवशी लांब टेबलावर अर्जांचे दोन गठ्ठे पडतात. एक आत जाणाऱ्यांचा, एक बाहेर राहणाऱ्यांचा. मी चहा देताना बाहेरच्या गठ्ठ्याकडे पाहत नाही. गेल्या वर्षी मात्र पाहिलं.

देशमाने मॅडम निवड समितीच्या प्रमुख होत्या. बाई प्रामाणिक. प्रत्येक अर्ज दोनदा वाचतात, ओळखीचं नाव निघालं तर खोलीच्या बाहेर जाऊन बसतात. त्यांच्यासमोर कोरपन्याकडच्या एका मुलीचा अर्ज होता, घरभेटीच्या फोटोसकट. आमच्याकडचं नाव दिसलं म्हणून मी वाकून पाहिलं. मॅडम सोबतच्या सरांना म्हणत होत्या की मुलगी हुशार आहे, पण घर तसं ठीक दिसतं. खुर्च्या आहेत, पंखा आहे, काचेच्या कपबशा आहेत. त्यापेक्षा या साताऱ्याकडच्या मुलाच्या घरी बसायला काहीच नाही. घरच्या परिस्थितीचे गुण मुलीला कमी पडले, अन् तिचा अर्ज बाहेरच्या गठ्ठ्यावर गेला.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. कप धुतले. पुसलेले कप परत धुतले. मनात काय होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मनात होतं, जाऊ दे. माझ्या वेळी कोण बोललं होतं? ही पोट्टी निवडली गेली तर उद्या याच ऑफिसात तिचा सत्कार होईल, मी तिला चहा देईन, ती 'मावशी, साखर कमी' म्हणेल. एक वैशाली काय कमी आहे, म्हणून मी अजून एक तयार करू? अन् वरून नोकरीची भीती. चहा देणारीनं गठ्ठ्यांत तोंड घालायचं नसतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं किती सोपं असतं, ते मला त्या मोरीपाशी समजलं.

मग त्या मुलीचा बाप डोळ्यांपुढे आला. त्याला मी कधी पाहिलं नाही. माझ्या बाबांचाच शर्ट घातलेला दिसला.

आत गेले अन् बोलले, अन् बोलताना दहा वर्षांची पुण्याची भाषा कुठी गेली कोण जाणे. "मॅडम, त्या खुर्च्या त्यांच्या नाईत."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मॅडमनी विचारलं, "तुम्ही ओळखता या घराला?"

"घराले नाई ओळखत. खुर्च्यायले ओळखतो."

फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहायला सांगितला. दोन निळ्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं बचत गटाचं नाव लिहिलेलं होतं. लग्नाकार्यात अदलाबदल होऊ नये म्हणून लिहितात तसं. तिसरी लाल, तिच्यावर कोण्या भाऊचं नाव, आडनाव या मुलीचं नाही. मग मी आमच्या ओळीची रीत सांगितली. माझी गोष्ट नाही सांगितली, रीतच सांगितली. सर जरा हसले अन् म्हणाले, मग गरिबी ओळखायची तरी कशी? मी म्हटलं, कळवून जाऊ नका. गेलात तर छपरीत बसू नका, मागे जाऊन चूल पाहा. अन् भागतं का, हे बापाला पाहुणा होऊन विचारू नका. तो बरंच म्हणणार.

मॅडमनी तो फोटो परत एकदा पाहिला. मला वाटलं, गेली नोकरी. मग त्यांनी दोन्ही अर्ज, मुलीचा अन् साताऱ्याच्या मुलाचा, गठ्ठ्यांतून काढून मधे ठेवले. दोन्ही घरी न सांगता परत माणूस पाठवला. पुढच्या फॉर्मातून खुर्च्या-पंख्याचा रकानाच काढून टाकला.

कोरपन्याच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा प्रतीक्षा यादीत राहिला, अन् यादी त्याच्यापर्यंत पोचली नाही. मी एकीला वर घेतलं तर एक खाली गेला. त्याच्या घरी खरंच बसायला काही नव्हतं. हे मॅडम विसरल्या असतील, मी विसरले नाही. निवड करणाऱ्यांवर मी जन्मभर चिडले. त्या दिवशी अर्धा तास निवड करून पाहिली तर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलबाईला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, धान कसं, गुडघा कसा. मग ही सगळी गोष्ट सांगितली. खुर्च्यांपाशी आले तेव्हा तिकडून आवाज बंद झाला. मी म्हटलं, ऐकून राह्यल्या का, बाई?

"ऐकून राह्यली," ती म्हणाली. "रंजू, खुर्च्या देतानी असं होईन म्हणून मले काईच माहीत नव्हतं. वैशालीची शपथ. पण साहेब माह्या बाजेवर बसले अन् वहीत लिहाले लागले, तवा मले समजलं. खुर्च्या माह्या हायेत म्हणून सांगाचं तोंडाशी आलं होतं वं. नाई सांगितलं."

मी विचारलं, "काऊन?"

"माही पोरगी होती ना."

दहा वर्षं मी हेच ऐकायला टपले होते, अन् ऐकल्यावर भांडायला शब्द सापडेना. कारण आदल्याच दिवशी मोरीपाशी मी उभी होते, अन् माझी तर तिथं पोरगीही नव्हती. नुसता मत्सर होता. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, राग आला का? मी खरं ते सांगितलं, आला. म्हणाली, "येऊ दे. वडे पाठवू का?" मला हसू आलं, अन् नाकातून पाणीही.

म्हणून कामासाठी तिनं बहिणीला एवढे फोन केले. म्हणून बसच्या खिडकीचा गज धरून उभी राहिली. घेतलं तेही तिनंच, दिलं तेही तिनंच. पुण्यात मी चांगली आहे. ऑफिसात आता निवडीच्या दिवशी मॅडम मला ट्रे ठेवून बसायला सांगतात. खुर्चीवर. पण घर कोणतं म्हणाल तर मला अजून तीच ओळ आठवते, जिथं कोणाची खुर्ची कोणाच्या छपरीत आहे हे विचारावं लागत नाही. बाहेरच्यांना जे वाचता येत नाही, ते तिथं सगळ्यांना पाठ असतं.

कमलबाई, तुमचं देणं माझ्यावर आहे. तुमच्या मोठ्या पोराची श्रुती सातवीत आहे, अन् हुशार आहे म्हणे. वैशालीवर गेली असेल. तीन-चार वर्षांत तिचंही घर पाहायला कोणी साहेब येतील. मी कुठी शब्द टाकणार नाही, ते सांगून ठेवते. पुढे कधी आमच्याकडे तिचा अर्ज आला तर मॅडमसारखीच खोलीबाहेर जाऊन बसेन. पण त्या दिवशी मी गावी असेन. तुमच्या खुर्च्या तुमच्या छपरीतच राहतील. शेजारचं कोणी प्रेमानं पंखा घेऊन आलं तर दारातून परत पाठवीन, माझी माय असली तरी. साहेबांना चुलीपाशी नेईन. अन् ते विचारतील, भागतं का, तेव्हा तुमचा पोरगा हात जोडून सारं बरं हाय म्हणायला तोंड उघडेल. त्याच्या आधी मी बोलेन. जळत जळत बोलेन, पण बोलेन.